घंटीचे मालक

घरधनी श्रीपती गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनालाही जे घर पूर्ण जमलं नव्हतं, ते नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी गव्हाणवाडीत झाडून हजर झालं. घरात बौद्धिक संपदा निघाली होती.

राजेंद्र सगळ्यात आधी आले. लोणावळ्याच्या रेल्वे पार्सल कचेरीत छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या या माणसाचा पक्का विश्वास होता की जी गोष्ट तीन प्रतींत नाही, ती घडलेलीच नाही. विहारातून त्यांनी चार प्लास्टिकच्या खुर्च्या मागवल्या, त्यातली हात असलेली कंपनीच्या माणसासाठी राखून ठेवली, फाईल आणि स्टॅम्पपॅड स्टुलावर मांडलं आणि आईला पांढरी साडी नेसून खुर्चीत बसायला सांगितलं. भागुबाईंनी कापणीचं लुगडं बदलायला साफ नकार दिला. अजून दोन खाचरं उभी होती आणि पाहुणा गेला की त्या परत शेतात जाणार होत्या. खुर्चीतही बसल्या नाहीत. उंबऱ्यात बसून पेंढ्या बांधायला काड्यांचे बंध वळत राहिल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला कोण काय शिकवणार.

संपदा म्हणजे काय, तर भागुबाईंचा मिसकॉल.

आंदर मावळात गाडी दिवसातून मोजक्या वेळा येते. रस्ता तसा, डोंगर तसे, गाडी तरी काय करणार. गव्हाणवाडीहून सडकेच्या वळणापर्यंत वीस मिनिटांचा उतार. लवकर गेलं तर दोन तास उन्हात बसा, उशिरा गेलं तर टाकव्यापर्यंत तंगड्या तोडा. लेक यशोधरा शाळेत जायची तेव्हा भागुबाईंनी यावर हाळीचा तोडगा काढला होता. खालच्या वाडीतल्या बाईला गाडीचा धुरळा दिसला की तिनं ओरडायचं, वरच्या वाडीतलीनं ते ऐकून पुढं ओरडायचं. हाळी गव्हाणवाडीला पोचली की यशोधरा दुसऱ्या वेणीची रिबन हातात घेऊन धावत सुटायची. पुढं मोबाईल आले आणि घशांना आराम मिळाला. नियम भागुबाईंनीच घातला. गाडी आपल्या थांब्यावरून गेली की एक घंटी. गाडीत पाय ठेवायला जागा नसेल तर दोन. गाडी आज येतच नसेल तर तीन. फोन कुणी उचलायचा नाही, म्हणजे खर्च नाही. कान्हे फाट्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या झुंबरबाईपासून वर खांडीपर्यंत अशा अकरा बायका होत्या, अकरा फोन होते आणि त्यातल्या एकाही फोनची काच शाबूत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी यशोधराच्या मुलीनं, प्रतीक्षानं, या सगळ्या घंट्या एका नंबरवर आणल्या. बायका त्या नंबरवर घंटी देत, तिचा प्रोग्रॅम घंट्या मोजे, आणि कुणीही तिथं फोन केला की भागुबाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज येई. एक घंटी असेल तर थांब्याचं नाव घेऊन, "गाडी माऊला आली. पदर खोचा आन् निघा." दोन असतील तर, "गर्दी हाय. लेकरू मांडीवर घ्या." ज्यांना लेकरू नव्हतं तेही हे ऐकून हसत आणि निघत. मग एका शनिवारी डोंगर चढायला आलेल्या बाणेरच्या कुणा साहेबानं वाडीतल्या पोराकडून हा नंबर घेतला, आवाज ऐकला आणि सोमवारी त्याच्या कंपनीचा फोन आला. त्यांना पद्धत हवी होती, प्रोग्रॅम हवा होता आणि आजीबाईंचा आवाजही हवा होता. तो यंत्राला शिकवून देशभरातल्या गाड्यांची खबर सांगायला लावणार होते. कंपनीचा एकच साधा प्रश्न होता, की याचं मालक कोण.

तोवर हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. आता त्याची तीन उत्तरं झाली होती.

राजेंद्रांचं म्हणणं असं की घंटी आईची, आई आपल्या घरची, आणि घराचे कर्ते आपण. त्यांचा मुलगा प्रज्ञेश म्हणत होता की कल्पना कुणाचीही असो, तिला 'बसबाई' हे नाव त्यानं दिलं, चोवीस पानांचं सादरीकरण त्यानं केलं आणि संस्थापक म्हणून व्हिजिटिंग कार्डावर नाव त्याचंच आहे. कार्डं छापून झाली होती, पाचशे. याआधीच्या दोन धंद्यांची कार्डं अजून लोणावळ्याच्या घरात माळ्यावर होती, त्यामुळे या खेपेला त्यानं कागद जरा हलका घेतला होता.

यशोधरा आली तीच ओठ घट्ट मिटून. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका, राहायला वलवणला, आणि भावाच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर असूनही गेली आठ वर्षं त्या घरी पाणीसुद्धा न प्यायलेली. आठ वर्षांपूर्वी राजेंद्रांनी तिच्याकडून गव्हाणवाडीच्या जमिनीचं हक्कसोडपत्र सही करून घेतलं होतं. तेव्हा पेढे दिले होते आणि बहिणीचा हक्क भावाच्या मायेत असतो असं काहीतरी म्हटलं होतं. माया पुढं दिसली नाही. पेढे मात्र चांगले होते, हे ती कबूल करत असे.

आता स्टुलावरच्या फाईलमधून त्यांनी पुन्हा एक कागद काढून तिच्यापुढं धरला. तिनं चष्मा लावून वाचला आणि हसू आवरलं नाही.

"दादा, हे हक्कसोडपत्र आहे."

"फक्त औपचारिकता. कंपनीला एकच मालक लागतो. तू आणि प्रतीक्षानं सही केली की मोकळं."

"जमिनीचं सोडलं, ते कळलं. आता बुद्धीचंही सोडू?"

"तुझ्या बुद्धीचं कोण म्हणतंय," राजेंद्र म्हणाले. "आईच्या बुद्धीतला तुझा वारसाहक्क. तेवढाच."

यशोधरानं आईकडं पाहिलं. आईची बुद्धी आई हयात असताना वाटायला निघाली होती आणि आई बंध वळत होती. यशोधरानं कागदाची घडी घातली, पर्समध्ये टाकली आणि सही लेकीला विचारून सांगते म्हणाली. पर्समध्ये गेलेला कागद परत येत नाही हे राजेंद्रांना ठाऊक होतं, पण त्यांनी आणखी दोन प्रती आणल्या होत्या.

साडेदहाला सार्थक आला. कंपनीचा माणूस, तिशीचा, वळणावर गाडी लावून चढ चढल्यामुळे घामाघूम, आणि वागायला इतका गोड की प्रज्ञेश लगेच त्याच्यासारखं बोलायला लागला. सार्थकनं भिंतीवरच्या बुद्धाला आणि बाबासाहेबांना हात जोडले, भागुबाईंच्या पाया पडला, चहा गुळाचा असल्याबद्दल तीनदा आनंद व्यक्त केला आणि मग लॅपटॉप उघडून बौद्धिक संपदेचं महत्त्व सांगायला घेतलं. कल्पना म्हणजे शेत आणि हक्क म्हणजे कुंपण, असं त्याचं म्हणणं. कुंपण असलं तरच माणूस पेरतो. राजेंद्र मान डोलवत होते. आंदर मावळात भाताच्या खाचरांना कुंपण नसतं आणि तरी लोक शेकडो वर्षं पेरत आलेत, हे सांगायचं कुणाला सुचलं नाही.

"आजी," तो उंबऱ्याकडं वळून म्हणाला, "हक्क सुरक्षित असला की माणूस नवीन काही शोधतो. नाहीतर कोण कशाला डोकं चालवेल?"

"माजं चाललं तवा हक्क न्हवता," भागुबाई म्हणाल्या. "पोरीची शाळा व्हती."

सार्थक मनापासून हसला आणि हे वाक्य त्यानं लॅपटॉपमध्ये टिपून घेतलं. जाहिरातीला चांगलं होतं.

प्रतीक्षा इतका वेळ दाराशी उभी होती. खंडाळ्याच्या एका हॉटेलात ती कॉम्प्युटरवर बुकिंग घेई. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन चार वर्षं झाली होती आणि तिचं काम म्हणजे मुंबईच्या माणसाला खोलीतून दरी दिसेल की नाही हे सांगणं. आज चारला तिची कामाची पाळी सुरू होत होती, म्हणजे एकची गाडी पकडायलाच हवी होती. पण त्याआधी तिला दोन गोष्टी हव्या होत्या आणि त्या तिनं सार्थकला सरळ सांगितल्या. कागदावर निर्माती म्हणून तिचं नाव यायला हवं. आणि आंदर मावळासाठी हा नंबर फुकटच राहायला हवा.

प्रज्ञेशनं तिला बाजूला घेऊन सांगितलं की कंपनीसमोर घरातलं काढू नये. ती बाजूला झाली नाही. मोठ्यानंच म्हणाली, "प्रज्ञेशदादा, सर्व्हर बंद पडला की रात्री दोनला तू उठायचास का? एकदा तरी? तुला पासवर्ड माहीत आहे का?"

प्रज्ञेशला पासवर्ड माहीत नव्हता. संस्थापकांना तपशिलात शिरायचं नसतं, असं काहीसं तो पुटपुटला. यशोधरा खुर्चीतून उठून लेकीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा तिला भावाकडं बघून बरं वाटलं.

सार्थकची नजर तरबेज होती. चोवीस पानांच्या सादरीकरणापेक्षा पासवर्ड कुणाकडं आहे हे त्याला महत्त्वाचं होतं. त्यानं खुर्ची प्रतीक्षाकडं वळवली. निर्माती म्हणून तिचं नाव घालायला कंपनीची काहीच हरकत नव्हती. उलट कंपनीला तीही हवी होती, बाणेरच्या ऑफिसात, टीममध्ये, पुढच्या महिन्यापासून. फुकट नंबरचं मात्र जमणार नव्हतं. लोकांनी ॲप घ्यावं, महिन्याची वर्गणी भरावी, हीच तर सगळी कल्पना होती. विकत घेतलेली गोष्ट बाहेर फुकट चालू ठेवली तर ती विकत कशाला घ्यायची, हे त्यानं इतक्या सौम्यपणे विचारलं की उत्तर न देणं उद्धट वाटावं.

प्रतीक्षाच्या डोळ्यांपुढं खंडाळ्याचा काउंटर आला, दरी दिसेल का विचारणारे फोन आले, आणि मग एका कागदावर छापलेलं स्वतःचं नाव आलं. ते नाव तिला फार हवं होतं, इतकं की त्याची लाज वाटली. नंबर बंद झाला तर बायका एकमेकींना पुन्हा घंट्या देतीलच की, तिनं मनाशी म्हटलं. आधी देतच होत्या. मान खाली घालून तिनं पेन मागितलं.

राजेंद्रांनी परिस्थिती ओळखली आणि पक्ष बदलला. भाची म्हणजे घरातलंच माणूस, लहानपणी तिला आपणच खांद्यावर घेऊन लोहगड दाखवला, असं त्यांनी सार्थकला सांगितलं. प्रज्ञेश वडिलांकडं पाहतच राहिला. लोहगडाची सहल झाली तेव्हा प्रतीक्षा बारा वर्षांची होती आणि चालत गेली होती, हे यशोधराला आठवत होतं, पण पेन लेकीच्या हातात पडत असताना तिनं तोंड उघडलं नाही. आपली सही भावानं नेली होती, लेकीची सही लेकीच्या नावावर तरी राहत होती. तिला तेवढं पुरलं.

"फक्त एक लाईव्ह डेमो," सार्थक म्हणाला. "वर दाखवायला व्हिडिओ लागतो. अकराची गाडी निघाली असेल ना?"

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. अंगणातल्या उंबराखाली रेंज येई, म्हणून सगळी बौद्धिक संपदा खुर्च्यांसकट उंबराखाली गेली. प्रज्ञेशनं मोबाईल आडवा धरून चित्रण सुरू केलं. सार्थकनं नंबर लावला, स्पीकर चालू केला, आणि भागुबाईंचा आवाज सगळ्या अंगणात घुमला.

"मला ठाव न्हाई बाबा. वाईच थांब."

भागुबाई हातातल्या बंधावरून नजर वर न करता म्हणाल्या, "मी न्हाई बोलले."

खबर नसली तर काय सांगायचं म्हणून प्रतीक्षानं हे वाक्य तीन वर्षांपूर्वी हसत हसत रेकॉर्ड केलं होतं. ते सहसा कुणाच्या कानावर पडत नसे, कारण अकरा बायकांपैकी कुणाची ना कुणाची घंटी आलेलीच असे. सार्थक पाच मिनिटं थांबला आणि पुन्हा नंबर लावला. मला ठाव न्हाई बाबा. प्रज्ञेशनं स्वतःच्या फोनवरून लावून पाहिलं. वाईच थांब. राजेंद्रांनी तर आईच्या आवाजालाच दटावलं. प्रतीक्षानं लॅपटॉप मांडीवर घेऊन सर्व्हर तपासला. सर्व्हर ठणठणीत होता. गुरुवार संध्याकाळपासून त्यावर एकही घंटी आली नव्हती. ती तीन दिवस स्वतःच्या नावाच्या विचारात होती, तिनं बघितलंच नव्हतं.

तिनं झुंबरबाईला फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला. मागं टपरीवरच्या कढईचा आवाज येत होता.

"मावशी, अकराची गाडी गेली का?"

"कवाच गेली."

"मग घंटी का नाही दिली?"

"आता गं," झुंबरबाई म्हणाल्या. "तुज्या मामानंच कागद दिला न्हवं का बेस्तरवारी. आंगठा घेतला माजा. सोपान सरांकडनं वाचून घेतला. ह्या घंट्या तुमच्या घरच्या हायेत, परवानगीबिगर कुणी वापरायच्या न्हाईत, वापरल्या तर केस. मंग आमी कशाला वापरू? आकराजणींना कागद दिल्याती. कायद्याचं काम हाय, बाई."

उंबराखाली प्रज्ञेशचं चित्रण चालू होतं.

झालं होतं ते असं. राजेंद्रांनी वडगावच्या एका वकिलाचा सल्ला घेतला होता. घंट्या मोजायच्या पद्धतीवर कायदा हक्क देतो की नाही ते बघावं लागेल, पण तूर्तास दुसऱ्या कुणाला तुमच्या परवानगीशिवाय वापरू देऊ नका, असं वकील म्हणाला. राजेंद्रांनी वाक्याचा पुढचा अर्धा भाग तेवढा ऐकला आणि तो रेल्वेच्या शिस्तीनं अमलात आणला. सूचना स्वतः लिहिली, टाईप करून घेतली, प्रत्येक थांब्याच्या खांबावर खळीनं चिकटवली. आणि ज्या अकराजणी ही पद्धत रोज वापरत होत्या, त्यांना तर सूचना सर्वात आधी मिळायला हवी, हे उघडच होतं. म्हणून प्रज्ञेशच्या मोटारीतून सगळ्या थांब्यांवर फिरून ती त्यांनी हातोहात दिली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. अकराच्या अकरा पोचा फाईलमध्ये तारखेनुसार लावलेल्या होत्या. निवृत्तीनंतर इतकं नेटकं काम आपल्या हातून झालं नव्हतं, असं त्यांना रविवार सकाळपर्यंत वाटत होतं.

"मावशी, मी सांगते, तुम्ही द्या घंटी. नंबर मी बनवलाय," प्रतीक्षा म्हणाली.

"व्हय, तू बनीवला," झुंबरबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मामा सांगत व्हता तुजा, कागद देताना. नाव पायजे तुला. पायजेच, लेकरा, शिकलीस. माजं नाव काय हाय गं तुज्या मशिनीत?"

प्रतीक्षाच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर यादी उघडीच होती. झुंबरबाईचं नाव त्यात नोड एक होतं. खांडीची बाई नोड अकरा. तीन वर्षं रोज ही यादी तिच्या डोळ्यांखालून जात होती. प्रज्ञेशवर तिनं मघाशी जे तोंड टाकलं होतं त्यातलं अक्षर न् अक्षर तिला आठवलं.

झुंबरबाईंनी भजी करपत असल्याचं सांगून फोन ठेवला.

सार्थकनं सगळ्यात आधी सावरून विचारलं की या अकरा महिलांशी काही करार झालेला आहे का. नव्हता. म्हणजे पद्धत आजींची, प्रोग्रॅम मॅडमचा, आणि खबर देणाऱ्या या अकराजणी. त्यांच्याशिवाय विकत काय घ्यायचं, असं तो अर्धं स्वतःशीच म्हणाला. राजेंद्रांनी फाईल पुढं केली. अकराजणींनी पोच दिलीच होती, म्हणजे मालकी मान्य केल्यासारखंच, आणि घंटी द्यायची परवानगी आपण आत्ताच्या आत्ता लेखी देऊ. तीन प्रतींत.

"काय लिवलंय रं त्या कागदावर?" भागुबाईंनी विचारलं.

राजेंद्रांनी वाचलं. कागदी मराठी वाचताना त्यांचा आवाज नेहमी चढायचा, तसा आजही चढला. "एक, दोन व तीन घंट्यांनी गाडीची खबर देण्याची पद्धत ही राजेंद्र श्रीपती ओव्हाळ व कुटुंबीय यांची बौद्धिक संपदा असून, तिचा विनापरवाना वापर कोणीही करू नये. हुकुमावरून."

"कुणाच्या हुकुमावरनं?"

"तसं लिहायची पद्धत असते, आई."

भागुबाईंनी बंध बाजूला ठेवले. "ह्ये मी आयकल्यालं हाय," त्या म्हणाल्या. "धम्म घेतला त्याच्या आदी. मी सात वरसाची आसंन. झुंबराच्या सासऱ्याची हीर व्हती, खाली. तितं पाटी न्हवती, तोंडीच व्हतं. परवानगीबिगर कुणी हात लावायचा न्हाई. आमी कळशी घिऊन लांब उभं ऱ्हायचो, कुणी वाढलं तर पाणी." त्यांनी राजेंद्रांकडं पाहिलं. "त्या घरच्या सुनंला तू आज त्योच सबुद लिवून दिलास. आन् तिनं गुमान आंगठा दिला. तुला ग्वाड वाटलं आसंल."

राजेंद्रांना आईनं चारचौघांत मारलं असतं तरी चाललं असतं. विहिरीची ही गोष्ट ते स्वतः दरवर्षी चौदा ऑक्टोबरला विहारातल्या भाषणात सांगत. सांगताना त्यांचा गळा दाटून येई, लोक टाळ्या वाजवत. आणि खरं सांगायचं तर गुरुवारी झुंबरबाईचा अंगठा पॅडवर दाबताना त्यांना बरं वाटलं होतं. का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. आईनं ते कसं ओळखलं हे त्यांना कळेना. त्यांनी फाईल मिटली.

सार्थक उठला. कंपनी विचार करेल आणि कळवेल असं म्हणाला, गुळाच्या चहाची चौथ्यांदा स्तुती केली, आणि बाणेरच्या जागेचं काय, या प्रतीक्षाच्या चेहऱ्यावरच्या प्रश्नाला तो फार घाईनं नमस्कार करून गेला. प्रज्ञेश त्याला गाठून समजावायला त्याच्याच गाडीत बसून गेला, त्यामुळे राजेंद्रांची परतीची सोय गेली. प्रज्ञेशनं येताना वडिलांना लोणावळ्याहून मोटारीत आणलं होतं. तिची किल्ली त्याच्या खिशात आणि मोटार वळणावर कुलूपबंद, पाच कार्डं काचेवर ठेवलेली.

एकची गाडी पकडायला तिघं खाली निघाली. भागुबाई सोडायला आल्या, विळा कमरेला खोचून, तिथूनच खाचरात जायला. कधी निघायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या घरातून गाडीची खबर नसताना माणूस बाहेर पडायची ही कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ, म्हणून ती साडेबारालाच निघाली आणि वळणावर जाऊन उन्हात उभी राहिली. थांब्याच्या खांबावर सूचना होती. राजेंद्र तिच्याकडं पाठ करून उभे राहिले, तरी कागद त्यांच्या डोक्यावर बरोबर दिसत होता, वधूवर मेळाव्यात नावाची पाटी असते तसा. एक वाजला, सव्वा वाजला. यशोधरानं शाळेतल्या सवयीनं सावलीची जागा शोधली आणि न बोलता भावालाही थोडी करून दिली. राजेंद्रांनी एकदा चोरून नंबर लावला. मला ठाव न्हाई बाबा, असं त्यांच्या खिशातून ऐकू आलं.

प्रतीक्षानं लॅपटॉप दगडावर उघडला होता. ती आज्जीला एकेक थांबा विचारत होती आणि भागुबाई सांगत होत्या. माऊची सविता, तिचा नवरा गवंडीकाम करतो. कुसवलीची ती थोरली, तिला ऐकू कमी येतं पण गाडी बरोबर दिसते. खांडीची कोण, याला मात्र भागुबाईंनाही दोन मिनिटं लागली. नोड एक खोडून तिनं झुंबरबाई लिहिलं. अकरा नावं झाली, बारावं भागुबाईंचं झालं. मग तिनं निर्मातीच्या रकान्यातलं स्वतःचं नाव खोडलं, थोडा वेळ बघत राहिली, आणि यादीच्या शेवटी तेरावं म्हणून लिहिलं. आपण मोठं काही केलं असं तिला वाटलं नाही. बाणेर गेलं होतं आणि त्याचं वाईट वाटतच होतं.

"ही यादी आता त्यांना दाखवू?" तिनं विचारलं.

"दाव. पर घंट्या त्या देतील का न्हाई ते त्यांचं त्या बगतील," भागुबाई म्हणाल्या.

आणि तेवढ्यात खालच्या वाडीकडून, कापणीच्या शेतातून एका बाईचा लांबलचक आवाज आला. "आली गंऽऽ". मग अलीकडच्या खाचरातून दुसरा, जरा जाडसर, "आली गं, आलीऽऽ". मग अगदी जवळून तिसरा. शेतातल्या बायका विळे हातात धरून उभ्या होत्या आणि पुढच्या डोंगराकडं तोंड करून ओरडत होत्या. यशोधराचा हात नकळत वेणीकडं गेला. पन्नाशीत तिच्या केसांना वेणी राहिली नव्हती.

राजेंद्र दचकून म्हणाले, "हे काय चाललंय? कुणी सांगितलं यांना?"

"कुणी न्हाई," भागुबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, वरच्या वाडीकडं तोंड केलं आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो गळा डोंगरावर जाऊन आदळला. वरून कुणीतरी ओ दिली. मग त्या लेकाकडं वळल्या. "हाळीवर तू नोटीस लावली न्हाईस."

राजेंद्र खांबाशी गेले आणि सूचनेचा कोपरा नखानं सोडवू लागले. खळ त्यांनी चांगली घट्ट केली होती, कागद निघेना. गाडी वळणावर आली तेव्हा 'राजेंद्र' निघालं होतं आणि 'श्रीपती ओव्हाळ व कुटुंबीय' अजून चिकटून होतं.

गाडी दाराबाहेर लोंबकळणाऱ्या माणसांनी भरलेली होती. हाळीत फक्त आल्याचं कळतं. गर्दीसाठी दुसरी घंटी लागते. प्रतीक्षा आणि यशोधरा कशाबशा आत शिरल्या. राजेंद्रांचा एक पाय पायरीवर टेकला, दुसऱ्याला जागा नव्हती.

"मामा, फाईल द्या इकडं," प्रतीक्षा आतून म्हणाली, "हात मोकळा करा, पडाल."

त्यांनी फाईल दिली.